बोटांची चाहूल

आप्पांनी फोन ओट्यावर पालथा ठेवला आणि म्हणाले, "यामे, तुझी वेबसाइट मला ओळखायला लागली."

यामिनी सलगरे संध्याकाळच्या भाजीसाठी दोडके सोलत होती. तिला आधी वाटलं, आप्पा कौतुकच करताहेत. तिच्या 'आरमारकट्ट्या'वर आप्पांना कोण ओळखत नव्हतं? सागरी लढायांचा तो खेळ तिथं महाराष्ट्रभरातली माणसं खेळायची, डावांवर वाद घालायची, आणि सांगलीच्या या म्हाताऱ्याला, गलबतावरचा म्होरक्या म्हणून, सगळे 'तांडेल आजोबा' म्हणायचे. पण आप्पांचा चेहरा कौतुक सांगणाऱ्याचा नव्हता. तिनं हात पुसले आणि फोन सुलटा केला.

पडद्याच्या कडेला एक जाहिरात होती. काचेचा जाड बुडाचा पेला, त्यात बर्फाचे दोन खडे, वरून ओतली जाणारी सोनेरी धार, आणि खाली शब्द : 'सोनसळी सोडा. आजची संध्याकाळ जड जातेय?'

सोडाच होता तो, कायद्यानं. त्याच नावाची व्हिस्की दुकानात मिळते हे सांगायची गरज नव्हती. तेवढ्यासाठीच तर असले सोडे निघतात.

"कधीपासून दिसतंय हे?"

"पंधरा-वीस दिवस झाले असतील. रोज नाही दिसत." आप्पा खुर्चीवर बसले. "ज्या संध्याकाळी मला आठवण येते ना, त्याच संध्याकाळी येतं. मी कुणाला काही बोललेलो नसतो. तुलासुद्धा नाही. दारूच्या दुकानदारानंसुद्धा मला असं घरात येऊन कधी बोलावलं नव्हतं."

आप्पा, म्हणजे यामिनीचे वडील दिनकर सलगरे, एसटीच्या वर्कशॉपमध्ये मेकॅनिक होते आणि उभी हयात पीत आले होते. बायको गेली तेव्हाही त्यांच्या तोंडाला वास होता. नंतर एका दवाखान्यात राहून त्यांनी दारू सोडली. कशी सोडली ते यामिनीनं पाहिलं होतं. सगळ्यात वाईट असायची संध्याकाळ. हात रिकामे, घर रिकामं. कॉलेजात कॉम्प्युटर शिकवणाऱ्या यामिनीनं त्यांच्यासाठी म्हणून हा खेळ रचला : गलबतं, जंजिरे, वारा, भरती-ओहोटी. पैसे लावायचे नाहीत, शिव्या द्यायच्या नाहीत. आप्पांना गोडी लागली. मग त्यांच्या जोडीला माणसं हवीत म्हणून तिनं तो लोकांसाठी खुला केला, आणि बघता बघता त्याचा कट्टा झाला. आप्पा का खेळतात हे तिथं कुणालाच माहीत नव्हतं. ते फक्त या घरातल्या दोघांत होतं.

आणि आता एका जाहिरातीला ते कळलं होतं.

कट्ट्यावर जाहिराती आणल्या होत्या अरिंजय मगदूमनं. तो यामिनीचा कॉलेजपासूनचा मित्र आणि या उद्योगातला भागीदार. माणसं वाढली तसा सर्व्हरचा भार वाढला, तेव्हा त्यानं 'चाहूल' नावाच्या कंपनीशी करार केला. कंपनी नाव विचारत नव्हती, नंबर विचारत नव्हती, कुणाचे मेसेज वाचत नव्हती. यामिनीनं अटी वाचल्या होत्या आणि हे बरंय म्हणून सही केली होती.

त्या रात्रीचं जेवण तसंच झाकून ठेवून ती 'चाहूल'ची तांत्रिक माहिती पहिल्यांदाच मुळापासून वाचायला बसली.

गोष्ट साधी होती आणि म्हणूनच भीतीदायक होती. फोनच्या काचेला बोट लागतं तेव्हा काच फक्त जागा नोंदवत नाही. बोट किती रुंद टेकलं, किती दाबलं, उचलायला किती वेळ घेतला, सरकताना कुठं थरथरलं, हेही तिला कळतं. डॉक्टरांनी या ज्ञानाचा उपयोग आधी केला. कंपवाताचा रोगी स्वतःच्या लक्षात येण्याच्या कितीतरी आधी बोटांतून ओळखता येतो हे सिद्ध झालं, आणि त्या शोधानं अनेकांचं भलं झालं. मग 'चाहूल'नं विचार केला, बोटातून रोग कळतो तर इच्छा का कळू नये? त्यांनी लाखो खेळणाऱ्यांची बोटं अभ्यासली. खेळ यासाठी, की खेळताना माणूस स्वतःला विसरतो. बोलताना तो सावध असतो, लिहिताना खाडाखोड करतो. पण गलबत बुडायला आलं की बोट खरं तेच बोलतं.

यंत्राला तलफ म्हणजे काय हे माहीत नव्हतं. दिनकर सलगरे कोण हेही माहीत नव्हतं. त्याला इतकंच माहीत होतं की अशा तऱ्हेनं अडखळणाऱ्या, मग घाई करणाऱ्या, मग काचेवर उगाचच रेंगाळणाऱ्या बोटांना त्या क्षणी हे चित्र दाखवलं, की ती बोटं थांबतात. म्हणून ते दाखवत होतं. कुणी बसून ठरवलं नव्हतं की दारू सोडलेल्या माणसाला गाठा. तसं ठरवणारा एखादा माणूस असता तर त्याच्याशी भांडता तरी आलं असतं.

यामिनीनं कंपनीला फोन लावला. ऋजुता परचुरे नावाच्या अधिकारी बाईंनी तिचं सगळं म्हणणं मध्ये न बोलता ऐकून घेतलं. त्यांचा आवाज गोड होता आणि समजुतीचा होता. आमची यंत्रणा कुणालाही ओळखत नाही, असं त्यांनी दोनदा सांगितलं. जाहिरात सोड्याची आहे आणि सोडा विकणं गुन्हा नाही, असंही सांगितलं. तरी तुमच्या वडिलांचं आम्हाला वाईट वाटतं. त्यांचा फोन कुठला ते कळवा, आम्ही त्यांना वगळलेल्यांच्या गटात टाकतो.

"कसला गट?" यामिनीनं विचारलं.

"म्हणजे, ज्यांनी मद्य सोडलेलं असण्याची शक्यता आहे, असे लोक. तो गट आमच्याकडे तयार असतो, मॅडम."

मग तिनं शांतपणे विचारलं, की हा गट कुणाला विकतही घेता येतो का. बाई म्हणाल्या की ते व्यावसायिक गोपनीयतेत येतं.

अरिंजयचं मत होतं, सवलत घ्यावी. आप्पांचा प्रश्न सुटतोय, करार शाबूत राहतोय, कट्टा चालू राहतोय. ती म्हणाली, की आप्पांना वगळायचं म्हणजे आधी त्यांच्या नावावर दारुड्याचा शिक्का मारायचा. आणि कट्ट्यावर आप्पांसारखे आणखी कितीजण असतील, त्यांना कोण वगळणार? अरिंजयनं सुस्कारा सोडला. तू सगळ्या जगाची आई होऊ नकोस, एवढंच तो म्हणाला.

करार मोडता येत नव्हता, पण खेळायचं कसं हे करारात लिहिलेलं नव्हतं. यामिनीनं कट्ट्यावर सगळं शास्त्र सोप्या भाषेत समजावून सांगितलं, आप्पांचं नाव न घेता. शेवटी लिहिलं, की हे यंत्र आपल्या हाताच्या सवयीवर जगतं, तर आपण सवयच मोडू या. उद्यापासून सगळ्यांनी डाव्या हातानं खेळायचं. जे डावखुरे असतील त्यांनी उजव्या.

लोकांनी ते डोक्यावर घेतलं. कुणी करंगळीनं खेळलं, कुणी बोटाच्या पेरानं. जतच्या एका पैलवानानं नाकाच्या शेंड्यानं अख्खी लढाई जिंकल्याचा दावा केला. यंत्र पुरतं गांगरलं. पैलवानाला कवळीच्या जाहिराती येऊ लागल्या, मिरजेच्या एका आजीबाईंना दाढीचं तेल, आणि एका सरकारी वकिलांना बाळाची झबली. लोक हे सगळं कट्ट्यावर टाकत होते आणि हसून लोळत होते. आप्पाही हसले. कितीतरी दिवसांनी ते पूर्वीसारखे जेवले.

पण यंत्राचं कामच शिकणं. डाव्या हातालाही सवय असते, आणि ती त्यानं लवकरच उचलली. झबली गेली, कवळी गेली. उलट ते एक नवीन गोष्ट शिकलं : जे सगळ्यात जास्त विरोध करत होते त्यांना ते मोटरसायकली दाखवू लागलं. खाली लिहिलेलं असायचं, 'तुम्ही कुणाचं ऐकणारे नाही.' यामिनीलाही तीच जाहिरात आली. ती पडद्याकडे बघत राहिली. आपल्या रागालासुद्धा यांनी फडताळात जागा करून ठेवली आहे, असं तिला वाटलं, आणि तिच्या अंगाचा तिळपापड झाला.

त्याच आठवड्यात एका संध्याकाळी ती कॉलेजातून आली तर आप्पा घरात नव्हते. फोन टेबलावर होता आणि डाव अर्धा सोडलेला होता. आप्पा डाव अर्धा सोडत नसत. तिनं शेजारी विचारलं, चौकात विचारलं, मग स्कूटर काढून त्यांच्या जुन्या ठिकाणांवरून फिरली. कुठंच ते नव्हते. शेवटी कृष्णेच्या घाटावर पायरीवर बसलेले दिसले. ती जवळ जाऊन बसली. तिनं मुद्दाम खोल श्वास घेतला आणि स्वतःचीच लाज वाटून मान फिरवली.

"घेतली नाही," आप्पा म्हणाले. "बारच्या आत मात्र गेलो होतो. टेबलाशी बसलो. सोडा मागितला. सोनसळी. फक्त सोडा."

"मग?"

"पोरगा बाटलीतच देत होता. मी त्याला म्हणालो, ग्लास आण. बर्फ टाक." ते नदीकडे बघत होते. "ते म्हणताना माझा आवाज जुना झाला, यामे. मला ऐकू आला तो. तसाच उठलो."

यामिनीनं त्यांचा हात धरला. पलीकडच्या काठावर कुणीतरी म्हशी धूत होतं. घरी परतताना स्कूटरवर मागं बसलेल्या आप्पांनी तिच्या खांद्यावर हात ठेवला होता, आणि त्या हाताचं ओझं तिला जाणवत होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं 'चाहूल'चा सगळा कोड कट्ट्यावरून उपटून टाकला. तेवढ्यावर ती थांबली नाही. काचेवरची बोटं वाचता येतील असं काहीच ठेवायचं नाही म्हणून तिनं खेळाची चित्रं काढली, सरकती गलबतं काढली, सगळं रूपच उतरवलं. आता चाल शब्दांत लिहून पाठवायची : 'मोठं गलबत, ईशान्येला, दोन घरं.' खेळ बैलगाडीच्या चालीवर आला. मग तिनं पहिल्या पानावर सरळ लिहिलं, की 'चाहूल' कंपनी माणसांचे दुखरे क्षण शोधून तिथं माल विकते, व्यसनातून सुटलेल्यांना व्यसनाकडे बोलावते, म्हणून आम्ही तिला हाकललं आहे.

अरिंजय संतापलेला घरी आला, चपला न काढताच आत शिरला. न विचारता केलंस, असं तो म्हणाला, आणि ते खरंच होतं. तिनं आप्पांच्या घाटावरच्या संध्याकाळबद्दल सांगितलं तेव्हा तो खाली बसला. पण नंतरही म्हणाला, की त्यानं इतकी वर्षं घातलेला घाम तिनं एका सकाळी ओतून दिला. भागीदारीतून मी बाहेर पडतो, म्हणाला. तिनं त्याला थांबवलं नाही. तो गेल्यावर तिला रडू आलं. ते दोघं एका डब्यातून जेवलेले मित्र होते.

निम्मी माणसं आठवड्याभरात कट्टा सोडून गेली. राहिली ती हळू खेळायला शिकली.

मग कंपनीची नोटीस आली. व्यसनी लोकांना लक्ष्य केल्याचा आरोप खोटा आणि बदनामीकारक आहे. पुरावा द्या, नाहीतर जाहीर माफी मागा. त्यात एक वाक्य हुशारीचं होतं : असा एकही माणूस तुम्ही दाखवू शकत नाही.

यामिनीकडे असा माणूस होता. तो आतल्या खोलीत चष्मा लावून चाल लिहीत होता. त्याला पुढं करायचं नाही असं तिनं मनाशी पक्कं केलं. नोटीस तिनं कॉलेजच्या पिशवीत ठेवली, पण आप्पांनी तिचा चेहरा वाचला आणि वाचायला मागितली.

"मी सांगतो," वाचून झाल्यावर ते म्हणाले.

तिनं विरोध केला. कट्ट्यावरची मुलं तुम्हाला आजोबा म्हणतात, म्हणाली. कॉलेजात सगळ्यांना कळेल, नातेवाईक पुन्हा जुनं उकरतील. बोलता बोलता तिच्या लक्षात आलं, की ती आप्पांच्या अब्रूपेक्षा स्वतःच्या अब्रूबद्दलच बोलते आहे.

"गुपित आहे म्हणून त्याला भाव आहे, पोरी," आप्पा म्हणाले. "मीच सांगून टाकलं की त्यांच्याकडं विकायला काय राहिलं?"

त्यांनी स्वतःच्या हातानं लिहिलं, एकेक अक्षर शोधत. 'मी दिनकर सलगरे, तुमचा तांडेल. मी दारुडा होतो. आता पीत नाही. ज्या दिवशी प्यावीशी वाटते त्या दिवशी मी इथं तुमच्याशी खेळतो. त्याच दिवशी त्या कंपनीनं मला पेला दाखवला. एका संध्याकाळी मी बारमध्ये जाऊन, न पिता उठून आलो. नोटिशीत विचारलंय, असा माणूस कोण. तो मी.'

पहिली काही मिनिटं पानावर काहीच आलं नाही. यामिनीला पडद्याकडे बघवेना म्हणून ती उठून गॅलरीत गेली. परत आली तेव्हा खाली उत्तरांची रांग लागली होती.

तासगावच्या एका बाईंनी लिहिलं होतं, की नवरा जाऊन महिनासुद्धा झाला नव्हता तेव्हा त्यांना पुनर्विवाहाची स्थळं दिसू लागली. आपल्याच वागण्यात काही आलं की काय, या विचारानं त्या स्वतःला खात राहिल्या. एका कॉलेजकन्येनं लिहिलं, की तिला गर्भचाचणीची जाहिरात आली, घरातल्या फोनवर, भावासमोर. ती आजारी होती, बाकी काही नव्हतं. तरी तिचं कॉलेज महिनाभर बंद झालं. इस्लामपूरच्या एका निवृत्त मास्तरांनी कबूल केलं, की जाहिरातीनं त्यांचा कंपवात डॉक्टरांच्या आधी ओळखला. फायदाच झाला म्हणायचा, त्यांनी लिहिलं, पण हे मला माझ्या माणसांनी जवळ बसवून सांगायला हवं होतं, काठी विकणाऱ्यानं नाही. आणि प्रत्येकानं खाली आपलं खरं नाव लिहिलं होतं. तसं करा म्हणून कुणी सांगितलेलं नव्हतं.

या वेळी ऋजुता परचुरे स्वतः सांगलीला आल्या. बरोबर एक वकील होते. यामिनीनं चहा केला. बाईंनी आप्पांची विचारपूस केली, आणि त्यात खोटेपणा नव्हता. मग तडजोड मांडली : नोटीस मागे घेऊ, कराराचा भंग माफ करू, कट्ट्याला पुन्हा कधी हात लावणार नाही. बदल्यात लोकांची ती लिखाणं काढून टाकायची, आणि आप्पांनी एका कागदावर सही करायची, की त्या संध्याकाळी ते बारमध्ये गेले ते स्वतःच्या दोषामुळे, जाहिरातीमुळे नाही.

आप्पांनी कागद वाचून परत दिला.

"दोष माझाच होता, ताई. तो मी सोडला. आता तुमचा तुम्ही सोडा."

वकिलांनी समजावून पाहिलं, की हे प्रकरण डेटा तक्रार मंचापुढं गेलं तर खासगी आयुष्य चव्हाट्यावर येईल. यामिनी म्हणाली, की ही जोखीम घ्यायला लिहिणारे तयार आहेत का हे ती सगळ्यांना विचारेल. तिनं त्याच संध्याकाळी विचारलं. कुणीही आपलं लिखाण काढलं नाही.

जिल्ह्यांच्या ठिकाणी डेटा तक्रार मंच नुकतेच सुरू झाले होते. यामिनीनं सगळ्यांच्या वतीनं तिथं तक्रार दाखल केली. सांगलीचा मंच एका जुन्या सरकारी इमारतीत पहिल्या मजल्यावर भरायचा. सुनावणीच्या सकाळी यामिनीला वाटलं होतं, आपण बापलेक आणि फार तर मास्तर असू. जिना चढून आली तर बाहेरचा व्हरांडा भरलेला होता. ज्यांना ती फक्त कट्ट्यावरच्या टोपणनावांनी ओळखत होती ती माणसं एकमेकांना खरी नावं सांगत होती. 'तुफान' म्हणजे ठेंगणी, चष्मेवाली नर्स निघाली. पैलवान खरंच पैलवान होता. ती कॉलेजकन्या आली होती, आणि तिचा भाऊ तिची पर्स धरून तिच्या बाजूला उभा होता. सगळ्यात मागच्या बाकावर अरिंजय बसला होता. त्यानं यामिनीकडे पाहिलं नाही, पण उठूनही गेला नाही.

सुनावणी सुरू झाली. अध्यक्ष बाई वयस्कर होत्या, कमी बोलणाऱ्या. त्यांनी पहिलं नाव पुकारलं, दिनकर सलगरे. आप्पा उठले, शर्टाची बाही सारखी केली आणि पुढं जाऊन उभे राहिले.

तेवढ्यात कंपनीचे वकील उठले. त्यांचा विनंतीअर्ज होता. साक्षीदारांच्या व्यसनांचा, आजारांचा, घरगुती बाबींचा इथं उल्लेख होणार आहे. त्यांच्या खासगीपणाचा मान राखणं ही आपली सर्वांची जबाबदारी आहे. म्हणून ही सुनावणी बंद दाराआड व्हावी आणि बाहेरच्यांना बाहेर पाठवावं.

व्हरांड्यातून कुणीतरी हसलं. यामिनी अर्धवट उठली. तिला उभं राहून बोलायचं होतं. तासगावच्या बाईंनी तिचा हात दाबून तिला बसवलं. अध्यक्षबाईंनी अर्ज वाचला. असा अर्ज मान्य करायचा तर साक्षीदारांची तशी इच्छा हवी, असं त्या म्हणाल्या. शिपाई दाराची कडी धरून वाट बघत होता.

"सलगरे, तुमचं काय म्हणणं आहे? दार बंद करायचं का?"

आप्पांनी मागं वळून पाहिलं. दारात, व्हरांड्यात, जिन्यापर्यंत माणसं उभी होती. एकानंही मान खाली घातली नव्हती. आप्पा पुन्हा पुढं वळले.

"राहू द्या उघडं," ते म्हणाले. "मागच्यांना नीट ऐकू येत नसेल तर मी मोठ्यानं बोलतो."

आणि ते बोलू लागले.